एकाच बाईचे दोन हात

थोरलीची जीभ आणि थोरलीची कात्री, दोघींना धार एकाच दगडावर लावलेली असणार, असं तिची गिऱ्हाइकं म्हणायची. तरी यायची. कारण कात्री सरळ चालायची आणि जीभ खोटं बोलायची नाही. कपडा अंगात घट्ट झाला तर "कापड आटलं" असं थोरलीनं जन्मात कधी सांगितलं नाही. "तुम्ही सुटलात," असंच सांगितलं, आणि उसवून दोन बोटं वाढवूनही दिलं.

शिवणाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तीन मशिनं, मध्ये कापायचं लांब टेबल, खिडकीशी इस्त्री, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे साचे. खोलीत तीन बायका. थोरली, तिची धाकटी जाऊ, आणि थोरलीची सून. दोघी जावांना घरात थोरली-धाकटी म्हणायचे, मग गल्लीही तेच म्हणायला लागली, आणि आता पाटीवरही तेच नाव होतं. फक्त थोरलीचं. धाकटीचं नाव पाटीवर टाकायचं कुणाला सुचलं नाही आणि धाकटीनं सुचवलं नाही.

नवीन गिऱ्हाईक आलं की थोरली एकदा तरी दोन्ही पंजे पुढे करून सांगायचीच, "हे सगळं या दोन हातांवर उभं केलंय." सून तेव्हा उगाच मशिनला तेल घालायची. धाकटी काजं करत बसलेली असायची. ती दातानं दोरा तोडायची आणि पुढचं काज घ्यायची.

त्या दोन हातांपैकी उजव्याचं पहिलं बोट शेंड्याला वाकडं होतं. चाळीस वर्षांपूर्वी मशिनची सुई नखातून आरपार गेली होती, ते हाड पुन्हा सरळ बसलंच नाही.

तर त्या वर्षी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मदत मंडळाला पन्नास वर्षं होत होती, आणि मंडळाला नवीन निशाण हवं होतं. जुन्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले होते. ते इतकं विरलं होतं की आता हात कुठले आणि भोकं कुठली ते कळत नव्हतं. थोरलीनं ऐकलं आणि स्वतः जाऊन निरोप ठेवला की निशाण मी करणार, आणि मजुरीचं नाव काढलंत तर करणार नाही.

याला कारण होतं. थोरलीचा नवरा त्याच कारखान्यात होता. तो गेला तेव्हा मुलगा दीड वर्षाचा. महिन्याभरानं मंडळाची चार माणसं शिवणाचं मशीन घेऊन दारात उभी राहिली. जिना अरुंद, म्हणून त्यांनी कठडा काढला, मशीन वर चढवलं, कठडा परत बसवला. एवढ्या वेळात थोरली भिंतीकडे तोंड करून बसून होती. कुणाचं काही घ्यायची तिला सवय नव्हती. तिनं त्यांना साधं पाणीही विचारलं नाही. माणसं घाम पुसत निघून गेली. पुढे दरवर्षी तिच्या मनात यायचं की जाऊन एक शब्द बोलावा, आणि दरवर्षी तो शब्द माशाच्या काट्यासारखा घशात आडवा व्हायचा. आता तिनं ठरवलं, तोंडाला जमत नाही तर सुईला सांगू.

म्हणून तिनं खोलीत जाहीर केलं की निशाणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. टाचणीसुद्धा टोचायची नाही. धाकटी म्हणाली, बरं.

धाकटीशी तेव्हा तिचं धड चाललेलंही नव्हतं. धाकटीच्या मुलीला जुळी झाली होती, दुसऱ्या गावी, आणि मुलीनं आईला कायमचं बोलावून घेतलं होतं. रविवारी मंडळाचा मेळावा, सोमवारी सकाळी धाकटीची गाडी. हे कळल्यापासून थोरलीनं तिला एक गोड शब्द दिला नव्हता. जा की, म्हणाली होती. एक मशीन रिकामं होईल, कापडाचे गठ्ठे ठेवायला जागाच नाहीये. आणि मग सगळा दिवस इस्त्री आपटत होती.

हातांचं चित्र मंडळासाठी शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी काढून दिलं होतं. मास्तर निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, काही अवघड सांगायचं असलं की आधी चष्मा पुसणारे. चित्र होतं पोस्टकार्डाएवढं. थोरलीनं ते एकदा बघितलं आणि साच्यांच्या खिळ्याला टोचून ठेवलं. हात कसा असतो हे चित्रात कशाला बघायचं, तो मनगटाला लागलेला आहे की. तिनं स्वतःचा उजवा पंजा खाकी कागदावर ठेवला, अंगठा वर करून पेन्सिल फिरवली, जरा मोठा करून साचा कापला. मग गुलाबी रेशीम दुहेरी घातलं, साचा वर ठेवला आणि एकदाच कात्री चालवली. दोन हात निघाले. कॉलर, खिसे, बाह्या, सगळं तर असंच निघतं. गडद निळ्या कापडावर दोन्ही पंजे समोरासमोर आणले, बोटांत बोटं अडकवली आणि इतक्या बारीक टाक्यांनी बसवले की टाका शोधायला भिंग लागलं असतं. आठ दिवस लागले. आपल्या कामाकडे बघून स्वतःच खूश व्हायची तिला लाज वाटायची नाही, आणि यावर तर ती दोनदा खूश झाली.

बुधवारी दुपारी मास्तर बघायला आले. थोरलीनं निशाण टेबलावर पसरलं आणि बाजूला उभी राहिली, कौतुक घ्यायला.

मास्तरांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग स्वतःचेच दोन हात छातीपाशी गुंफून बघितले. मग चष्मा काढला आणि पुसला.

"बाई, हे कुणाचे हात?"

"माणसांचे."

"किती माणसांचे?"

थोरलीनं सुनेकडे बघितलं, की मास्तरांना ऊन लागलंय का. मास्तरांनी सुनेला उजवा हात पुढे करायला सांगितला आणि तो आपल्या उजव्यात धरला. आता बाजूनं बघा, म्हणाले. एका हाताची पाठ दिसते, दुसऱ्याची नुसती बोटं, त्या पाठीवर वळसा घेऊन आलेली. दोघांच्या पाठी एकदम दिसतच नाहीत. निशाणावर मात्र दोन्ही हातांच्या पाठी होत्या, दोन्ही अंगठे वर, एक उजवा आणि एक डावा. आणि दोन्हींचं पहिलं बोट शेंड्याला तेवढंच वाकडं.

"हे एकाच माणसाचे दोन हात झालेत, बाई. कुणीतरी स्वतःचाच हात धरून बसलंय."

थोरली भांडली. चाळीस वर्षं बाह्या कापतेय, एक उजवी एक डावी, जोडी अशीच निघते, म्हणाली. मास्तर हळूच म्हणाले, "बाह्या एका अंगाच्या असतात."

मग त्यांनी बसून सांगितलं, शाळेतल्या मुलांना सांगावं तसं. जुन्या काळापासून लोक हा हातात हात काढत आलेत. बोटातल्या अंगठ्यांवर, नाण्यांवर, थडग्यांच्या दगडांवर. दोन्ही उजवे असतात, कारण हत्यार धरायचा हात तो, आणि तोच मोकळा करून दुसऱ्याला द्यायचा. वचन म्हणा, दोस्ती म्हणा, लग्न म्हणा. थडग्यावर असले तर कारागीर एक हात घट्ट काढतो आणि एक सैल. सैल हात जाणाऱ्याचा. घट्ट हात मागे राहिलेल्याचा. तो निरोप असतो. मंडळाच्या निशाणावर दोन्ही घट्ट हवेत, एवढंच.

एवढं सांगून ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, राहू द्या आता, काम तर देखणं झालंय, एवढ्या गर्दीत कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

कुणी शिवी दिली असती तर थोरलीला परवडलं असतं. जिनं आयुष्यात कापड आटलं म्हणून सांगितलं नाही, तिला हे.

मास्तर गेल्यावर तिनं निशाण पुन्हा बघितलं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. निळ्या कापडात एक बाई उभी होती, तिचं तोंड नव्हतं, अंग नव्हतं, नुसते हात होते, आणि ते एकमेकांना धरून होते, कारण धरायला दुसरं कुणी नव्हतं.

धाकटी खिडकीशी काजं करत होती. थोरलीनं तिला विचारलं, तुला हे दिसलं होतं का.

"कापलंत त्याच दिवशी."

"मग तोंड शिवलं होतंस?"

धाकटीनं सुई कापडात टोचून ठेवली. "मला वाटलं, मुद्दाम केलंत. तुम्ही नेहमी सांगता, तसंच तर आहे ते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर थोरलीकडे सात उत्तरं तयार होती.

ती खाली बसली आणि उसवायला घेतलं. बारीक टाके घालायला आठ दिवस लागलेले, ते काढायला संध्याकाळ झाली. उसवताना हात रिकामा नसतो पण डोकं रिकामं असतं, आणि रिकाम्या डोक्यात तेच येतं जे इतकी वर्षं बाहेर उभं केलेलं असतं.

सुई बोटातून गेली ते मशीन आल्यानंतरचं पहिलंच वर्ष. हात तीन महिने गळ्यात बांधलेला. धाकटी तेव्हा एकोणीस वर्षांची, कडेवर स्वतःची तान्ही मुलगी; धाकटा दीर जहाजावर, वर्षातून एकदा यायचा, आणि पुढे एका वर्षी त्याच्याऐवजी नुसतं पत्र आलं. त्या तीन महिन्यांत धाकटीनं एक मूल पाठीशी बांधून आणि एक पायाशी खेळवून मशीन चालवलं. गिऱ्हाइकांना सांगायची, जाऊबाईंनीच शिवलंय. त्यातच नाटकमंडळींचा एक कोट आला होता. त्याला तिनं अशी कॉलर बसवली की मानेवरून पाणी ओघळावं तशी पडायची, कुठे सुरकुती नाही. त्या कोटावरून पुढे वीस कोट आले. लोक लांबून यायचे आणि म्हणायचे, आम्हाला "थोरलीची कॉलर" हवी. हात बरा झाल्यावर थोरली ती कॉलर धाकटीकडून शिकली, आणि कुणी नाव घेतलं की मान हलवायची. पहिल्यांदा मान हलवली तेव्हा जरा जड गेलं होतं. नंतर नाही.

गुरुवारी सकाळी थोरलीनं नवा खाकी कागद पसरला, आपला पंजा त्यावर ठेवला आणि तशीच थांबली. आता दुसरा कुणाचा तरी हात लागणार होता, आणि तो काही कागद उलटा करून मिळणार नव्हता.

सून म्हणाली, "आई, माझा घ्या की."

तुझा कशाला, तू कालची, म्हणाली थोरली. सून घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. पण सुनेला सासूचं हे बोलणं पाठ होतं. ती हसली आणि बाजूला झाली.

थोरली टेबलाभोवती एक फेरी मारून आली. इस्त्री गरम आहे का बघितलं, ती बंद होती. खडू उचलला, ठेवला. दोनदा खोकली. शेवटी धाकटीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, भांडायला उभी राहावी तशी.

"हात दे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? उजवा."

धाकटीनं बोटावरची शिवणाची टोपी काढून ठेवली, हात पदराला पुसला आणि दिला.

खिडकीतून ऊन सरळ भिंतीवर येत होतं. सुनेनं भिंतीला कागद डकवला, दोघींना समोरासमोर स्टुलांवर बसवलं, आणि दोघींच्या हातांची सावली कागदावर पडली. ती पेन्सिल फिरवायला लागली. बोटं बघून बघून भरायची होती, म्हणून पाव तास तरी दोघींनी तसंच राहायचं होतं. हलू नका, असं तिनं सासूला बजावलं. अकरा वर्षांत ही पहिलीच संधी. तिनं ते तीनदा बजावलं.

दोघी जावा. चाळीस वर्षं एका खोलीत, एका टेबलावर, एका रिळाचा दोरा दोघींनी ओवलेला. पण एकीनं दुसरीचा हात असा कधी धरला नव्हता. कात्री देताना, सुई घेताना बोटं लागायची तेवढीच. थोरलीला कळलं की धाकटीच्या तर्जनीचा शेंडा खरखरीत दगड झालाय, आणि तळवा मात्र मऊ आहे. आणि पकड अगदी सैल आहे. पाहुण्याच्या हातासारखी.

"नीट धर," थोरली म्हणाली. "मास्तर काय बोलले ते ऐकलंस ना? सैल धरलं की निरोप होतो."

"निरोपच आहे की, जाऊबाई. सोमवारची गाडी."

"गाडीनं तू जाशील. हात कशाला न्यायला हवा सोबत?"

पेन्सिल कागदावर कुरकुरत होती. थोरली भिंतीवरच्या सावलीकडे बघत राहिली. तिकडे बघून बोलणं सोपं होतं. मग तिला आठवलं की मशीन आलं त्या दिवशीही तिनं भिंतीकडेच तोंड केलं होतं, आणि तिनं मान वळवली.

"ती कॉलर तुझी होती."

"माहितीये मला."

"तुला माहितीये, हे मला माहितीये. मी कधी सांगितलं नव्हतं, ते सांगतेय."

धाकटीनं खाली बघितलं.

"तू नसतीस ना," थोरली म्हणाली, आणि घशात तो काटा आडवा झाला, पण या वेळी तिनं तो तसाच रेटला, "तर ते मशीन त्या चार माणसांना परत खाली न्यावं लागलं असतं. कठडा काढून. या दोन हातांत काय होतं तेव्हा? एक गळ्यात बांधलेला. मी आयुष्यभर दोन हात म्हणत आले, त्यातला एक तुझाच होता. तुझे उपकार आहेत माझ्यावर. आणि हसू नकोस."

धाकटी हसत नव्हती. तिची बोटं मात्र वळली, थोरलीच्या हाताच्या पाठीवर आली आणि अशी आवळली गेली की थोरलीचं वाकडं बोट दुखलं.

"काकू, हललात," सून पेन्सिल थांबवून म्हणाली. "बोटं बदलली. पुसून परत काढू का?"

"आता आहेत तशीच काढ," थोरली म्हणाली.

उरलेल्या गुलाबी रेशमातून एक हात निघाला आणि तुकडा संपला. तसलंच रेशीम बाजारात मिळेना. दुसरा हात धाकटीच्या गाठोड्यातल्या एका जुन्या रेशमी ओढणीतून कापला, जरा सावळा. सुनेनं विचारलं, रंग वेगळा दिसेल, चालेल का. थोरली म्हणाली, दोन बायका एका ताग्यातल्या असतात का? आणि टाचणीसुद्धा टोचायची नाही म्हणणाऱ्या बाईनं सुईचं पाकीट धाकटीपुढे सरकवलं. धाकटीनं थोरलीचा हात बसवला, थोरलीनं धाकटीचा. शनिवारी दुपारी निशाण तयार झालं. आठ दिवसांचं काम तीन दिवसांत, कारण या वेळी खरोखरच चार हात होते.

रविवारी मेळाव्याला कारखान्यामागचा हॉल भरला होता. निशाण वर चढलं. मास्तरांनी ते बघितलं, चष्मा काढला, आणि या वेळी काच नाही, डोळे पुसले. अध्यक्षांनी थोरलीला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिनं माईक नको म्हणून हातानं बाजूला केला. तिच्या आवाजाला त्याची गरज कधी पडली नव्हती.

"तुम्ही मला मशीन दिलंत. मी तेव्हा तोंड फिरवून बसले होते. आज तुमच्याकडे तोंड करून सांगते, उपकार झाले. त्या मशिनवर माझा मुलगा मोठा झाला, हिची मुलगी मोठी झाली. वर जे दोन हात आहेत, त्यातला वाकड्या बोटाचा माझा. दुसरा माझ्या धाकट्या जावेचा. आणि ज्यांनी ज्यांनी थोरलीची कॉलर घातलीय, ती हिची आहे. झालं."

ती बसायला वळली. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, कानानं अधू, त्या चौघांतले एकटेच उरलेले. बहिऱ्या माणसांना स्वतःचा आवाज कळत नाही, तसे ते शेजाऱ्याच्या कानात म्हणून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "पण पाणी दिलं नव्हतं हो बाईंनी."

हॉल हसला. थोरली दुसऱ्या कुणावर खेकसली असती. ती सरळ टेबलापाशी गेली, जगमधून पेला भरला, पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पेला पुढे धरला. म्हाताऱ्यांनी तो तिथेच सगळा संपवला, अगदी सावकाश, आणि रिकामा पेला परत देताना तिच्या हातावर थोपटलं.

सोमवारी सकाळी धाकटीची पिशवी दाराशी होती. थोरली पहाटेपासून तिला सूचना देत होती. जुळ्यांना एका रंगाचं शिवू नकोस, कोणता कोण कळायचं नाही. मशीन तुझंच राहील, कापडाचे गठ्ठे दुसरीकडे ठेवीन. पाटी रंगवायला दिलीय, तुझं नाव घालून, तेव्हा ती बघायला तरी ये.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते उसवलेले हात कुठे टाकलेत.

ते चिंध्यांच्या टोपलीत होते. चुकीचे, एक उजवा, एक डावा, दोन्ही वाकड्या बोटांचे. थोरली म्हणाली, त्याचं काय करायचंय तुला, चुकलेलं काम ते.

धाकटीनं टोपलीतून ते काढले, गुडघ्यावर सरळ केले, आणि पिशवीत सगळ्यात वर, कपड्यांच्या घडीवर ठेवले.

"तिकडे पाळण्यावर पांघरूण लागेल," ती म्हणाली. "त्यावर शिवीन. एकेका पोराला एकेक."

थोरलीनं पिशवीचा एक बंद धरला, धाकटीनं दुसरा, आणि त्या अरुंद जिन्यावरून दोघी एकामागून एक खाली उतरल्या, पिशवी मध्ये धरून, कठडा काढायची वेळ न आणता.